फक्त बटणं राहिलीत

१२ फेब्रुवारी

सर्व नातेवाईक, शेजारी, मित्र आणि गिऱ्हाइकांस सलाम.

अल्लाच्या मेहेरबानीने या वर्षी माझा हजला जाण्याचा योग आला आहे. मे महिन्याच्या मध्यावर निघायचं आहे. या वाटेला लागण्याआधी सगळ्यांची माफी मागून मन साफ करावं, असा आपला रिवाज आहे. आजवर माझ्याकडून कळत-नकळत कुणाचं मन दुखावलं असेल, दिलेला शब्द मोडला असेल, काही चुकलं-माकलं असेल, तर मोठ्या मनाने माफ करावं आणि माझ्यासाठी दुवा करावी.

आपला नम्र,
टेलर मास्तर

(खाली पेनने) आपा, सगळ्यांना हेच पाठवतोय, दीडशे झेरॉक्स काढल्या. तुला निराळं लिहिणार होतो, पण दुकानात गर्दी आहे. तू माफ केलंस असं धरून चालतो. भावोजींना सलाम. – छोट्या


१९ फेब्रुवारी

छोट्या,

सलाम आणि भरपूर दुवा. तू हजला निघालास हे वाचून डोळ्यांत पाणी आलं, खोटं नाही सांगत. अम्मी असती तर तिने अख्ख्या गल्लीला थांबवून थांबवून सांगितलं असतं. मी शेजारणीला सांगितलं, दूधवाल्याला सांगितलं, यांना तर तीनदा सांगितलं. तिसऱ्या वेळी यांनी डोळे मिटून घेतले, म्हणजे पुरे झालं.

पण खाली पेनने जे खरडलं आहेस ना, की माफ केलंस असं धरून चालतो, ते धरून चालू नकोस. मी माफ केलेलं नाही.

घाबरू नकोस, चिडलेली नाही. पण चौतीस वर्षं दवाखान्यात नर्स होते मी. पेशंट यायचा आणि म्हणायचा, कुठेतरी काहीतरी दुखतंय, काहीतरी द्या. आम्ही त्याला बाकावर बसवून ठेवायचो. आधी बोट ठेवून दाखव कुठे दुखतंय ते, मग औषध. 'काही चुकलं-माकलं असेल' म्हणजे काय रे? काय चुकलं? कधी? दीडशे झेरॉक्समधली एक माझ्या हातावर ठेवतोस आणि सख्ख्या बहिणीकडून घाऊक माफी घेऊन जातोस?

तुझ्या मौलानांना विचार हवं तर. अल्लाच्या बाबतीत आपण जे चुकलो ते अल्ला माफ करतो, त्याची मर्जी. पण माणसाच्या बाबतीत चुकलो तर त्या माणसाच्याच दारात जावं लागतं, त्यात तो मध्ये पडत नाही. तेव्हा तुझी माफी सध्या माझ्या कपाटात आहे आणि किल्ली माझ्या कमरेला. कशाबद्दल हवी आहे ते लिही. फोन करू नकोस. फोनवर तू खोटं फार सफाईने बोलतोस, लिहिताना मात्र लहानपणापासून अडखळतोस.

यांचं आहे तसंच. सहा वर्षांपूर्वी उजवी बाजू गेली ती गेली. बोलणं मला कळतं, बाकी कुणाला कळत नाही. काही हवं असलं की डाव्या हाताने चमचा घेऊन स्टीलचा पेला वाजवतात. आत्ता वाजतोय. आले हो, म्हणून ओरडले आहे, उठायला हवं.

आपा


२ मार्च

आपा,

तुझं पत्र दुकानात उघडलं आणि बसल्या जागी घाम फुटला. दीडशे जणांपैकी कुणी म्हणून विचारलं नाही, कशाबद्दल. एक गिऱ्हाईक तेवढं म्हणालं, मास्तर, माफ केलं, पण माझ्या पँटचं काय?

बोट ठेव म्हणालीस, ठेवतो. अब्बांच्या मनगटी घड्याळाची काच मी फोडली होती. मार तुला बसला. मी दाराआडून सगळं बघत होतो आणि नंतर येऊन तुलाच विचारलं होतं, फार लागलं का.

आणि तू लग्नात घातलेला कपड्यांचा जोडा. माझं पहिलं मोठं काम. सगळे म्हणाले, काय हात आहे पोराचा. आपा, डावी बाही मी उलटी बेतली होती. कापड उरलं नव्हतं. काखेत जोड दिला आणि वरून जरीची पट्टी लावली. लग्नात तू हात वर करतेस की काय या धसक्याने मी त्या दिवशी जेवलो नाही. लोकांना वाटलं, बहीण जाणार म्हणून पोराच्या घशाखाली घास उतरत नाही.

आणखी एक. भावोजी तुला बघायला आले तेव्हा त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं होतं, बहीण रागीट आहे का? मी म्हणालो, छे, गाय आहे. ही माफी खरं तर भावोजींचीच मागायला हवी, त्यांना माझा निरोप दे.

आणखी आठवत नाही. दर रविवारी मौलाना आम्हा जाणाऱ्यांना शिकवतात. हजला पुरुषाने दोनच पांढरी कापडं घालायची, एक कमरेला, एक खांद्यावर. शिवण नाही, गळा नाही, बाही नाही, खिसा नाही. चाळीस वर्षं मी लोकांना शिवून घातलं, आणि आता मलाच सांगतात की न शिवलेलं घालून ये. ऐकून हसू आलं.

तर ते कापड आणलं, मशीनवर ठेवलं आणि एका गिऱ्हाइकाशी बोलत बसलो. त्याचं बोलणं संपलं तेव्हा बघतो तो कापडाला चारी बाजूंनी टीप पडलेली. छान मुडपून, सरळ रेघेत. माझ्याच पायांनी मशीन चालवली आणि मला पत्ता नाही. मौलाना पोट धरून हसले. म्हणाले, किनार मुडपल्याने काही बिघडत नाही, अंगाच्या मापाचं शिवलेलं चालत नाही. पण मला चैन पडत नाही. जन्मात एकदा हात आवरायचा होता, तेवढंही जमलं नाही.

आता दे ती माफी. भावोजींची काळजी घे.

छोट्या


९ मार्च

छोट्या,

तुझं पत्र यांना वाचून दाखवलं. गाय आहे, इथपर्यंत आले आणि हे असे हसायला लागले की मला वाटलं दुसरा झटका आला. ब्लडप्रेशरचं यंत्र घेऊन धावले. सहा वर्षांत एवढं हसलेले पाहिले नव्हते, त्याबद्दल तुझं भलं होवो.

मग पेटीतून लग्नाचा जोडा काढला, चष्मा लावला आणि काख तपासली. आहे खरा जोड. सदतीस वर्षं मी तो जोडा लोकांना कौतुकाने दाखवत आले. असो. घड्याळ माफ, बाही माफ, आणि गाय तर केव्हाच माफ.

पण तू अंगणभर फिरलास आणि दारात काही आला नाहीस. आठवत नाही म्हणालास, ते खोटं. तुला आठवतं आणि त्याचा पुरावा माझ्याकडे आहे. अख्ख्या जगाला तू सांगतोस, फक्त बटणं राहिलीत, उद्या नक्की. कापड अजून कात्रीखाली गेलेलं नसतं आणि म्हणे बटणं राहिलीत. माझे कपडे मात्र बारा वर्षं ठरलेल्या दिवशी येतात. एकदाही चुकले नाहीत. त्याआधी असं नव्हतं, त्याआधी माझी पण फक्त बटणंच राहायची.

बारा वर्षांपूर्वीचं सांग. तोवर किल्ली कमरेलाच. आणि तुझं विमान काही माझ्यासाठी थांबणार नाही, हे ध्यानात ठेव.

आपा


११ एप्रिल

आपा,

महिना गेला. तीन पत्रं लिहून फाडली. सूनबाई म्हणाली, अब्बा, दुकानात कात्री चालवता ती पुरत नाही का?

येतो आता दारात.

बारा वर्षांपूर्वी हजच्या यादीत आपली दोघांची नावं लागली होती. भावोजी त्यांच्या अम्मी-अब्बांबरोबर आधीच जाऊन आले होते आणि त्या वर्षी त्यांना रजाही नव्हती. तेव्हाच्या नियमाने बाईला एकटीला जाता येत नसे. सोबत नवरा नाहीतर भाऊ हवा. मी जाणार म्हणून तू जाणार. निघायला तीन आठवडे असताना मी तुला फोन केला आणि सांगितलं, तपासणीत ब्लडप्रेशर फार निघालं, डॉक्टर नाही म्हणतो. तू म्हणालीस, जीव महत्त्वाचा, पुढच्या वर्षी जाऊ. माझ्याबरोबर तुझंही नाव कटलं. पुढच्या वर्षी नंबर लागला नाही, त्याच्या पुढच्या वर्षीही लागला नाही, मग आपण अर्ज करायचं सोडलं, आणि मग भावोजी पडले.

आपा, मला ब्लडप्रेशर नव्हतं. मला काहीही झालेलं नव्हतं. मी खोटं बोललो.

दुकानात काम फार होतं, असं मी स्वतःला सांगत आलो. पण काम मला कधी नव्हतं? खरं सांगतो, मला भीती वाटली. मरणाची नाही, परत येण्याची. परत आलो की लोक हाजीसाहेब म्हणणार. हाजीसाहेबाला फक्त बटणं राहिलीत म्हणता येत नाही. कोपऱ्यावर चहा पीत कुणाची टिंगल करता येत नाही. मी सेहेचाळीस वर्षांचा होतो. मला इतक्यात चांगलं व्हायचं नव्हतं. म्हटलं, म्हातारपणी होऊ, घाई काय आहे. आणि त्यापायी तुझी वाट बंद केली.

तुझ्या भाभीला मी खरं सांगितलं होतं. आठ दिवस ती माझ्याशी बोलली नाही. मग सारखं एकच, आपांना सांगा. मी म्हणायचो, उद्या नक्की. ती जाऊन पाच वर्षं झाली.

आता तू भावोजींना सोडून हलू शकत नाहीस आणि मी मात्र निघालोय. हे मला गिळवत नाही. तू हो म्हण, मी या वर्षीचं माझं नाव मागे घेतो.

माफ कर असं लिहायला हात होत नाही, म्हणून लिहीत नाही.

छोट्या


१७ एप्रिल

छोट्या,

पत्र दोनदा वाचलं. एकदा मनात आणि एकदा यांना मोठ्याने. यांनी डावा हात वर केला. म्हणजे, उशीर केला पण आला.

मला माहीत होतं रे. तुझा फोन यायच्या आदल्याच रविवारी तू आमच्याकडे जेवायला आला होतास आणि मी गंमत म्हणून सगळ्यांचं ब्लडप्रेशर घेतलं होतं. तुझं एकशे वीस, ऐंशी. पुस्तकात छापतात तसं. नर्सला फसवायचं होतं तर दुसरा एखादा आजार तरी निवडायचास.

त्या दिवशी फोन ठेवला, मोरीत गेले, नळ सोडला आणि रडले, यांना ऐकू जाऊ नये म्हणून. हे तुला मुद्दाम सांगते, कारण आपण कशाची माफी मागतोय ते तुला कळायला हवं. माझी बॅग भरून दारापाशी ठेवलेली होती. ती मी परत उपसली, एकेक कपडा काढून.

आता ऐक. माफ केलं. सगळं. या जगात आणि त्या जगात माझं तुझ्याकडे काही मागणं नाही.

मात्र नाव मागे घ्यायचं पुन्हा बोललास तर तिथे येऊन कान उपटीन, गुडघे दुखोत नाहीतर मोडोत. एकदा न जाऊन माझी वाट अडवलीस, आता पुन्हा न जाऊन माझं काय भलं करणार आहेस? हज ज्याची त्याने करायची असते. तुझं चांगलं व्हायचं वय झालं, आता जा.

सोबतच्या पार्सलमध्ये दोन पांढरी कापडं आहेत. त्या वर्षी तुझ्यासाठी घेतली होती. तुझं अंग लहानपणापासून खरखरीत कापडाने लाल होतं, म्हणून तीनदा धुऊन मऊ केली होती. बारा वर्षं पेटीत पडून आहेत, डांबरगोळीचा वास येईल, दोन दिवस उन्हात टाक. किनार कच्ची आहे. ती कच्चीच राहू दे. मशीनच्या आसपास नेऊ नकोस.

लोक तुला दुवांच्या याद्या देतील. मी देत नाही. हजच्या दिवशी त्या मैदानात दुवा करायला उभा राहशील तेव्हा माझं नाव घेऊन एवढंच सांग, की ती निघाली आहे.

आपा


३० मे

आपा,

अक्षर वाकडं आलंय ते थकव्यामुळे. ब्लडप्रेशर नाही.

कुठून सुरुवात करू? सगळ्यांनी बजावलं होतं, काब्यावर पहिली नजर पडेल तेव्हा दुवा माग, ती कबूल होते. नजर पडली आणि मी काय पाहिलं, तर त्यावरच्या काळ्या कापडाची शिवण. टीप किती बारीक आहे ते. मग स्वतःचीच इतकी लाज वाटली की रडू फुटलं, आणि रडता रडता दुवा राहूनच गेली. अल्लाने समजून घेतलं असेल, टेलर आहे म्हणून.

काब्याभोवती सात फेऱ्या घालायच्या. पहिल्या तीन फेऱ्या मी पुढच्या माणसाचे खांदे मोजत होतो. उजवा अर्धा इंच खाली होता. चौथ्या फेरीत आपोआप थांबलो. इथे माप घेण्यासारखं काही नाही, आपा. चाळीस वर्षं मी माणूस कॉलरवरून ओळखला. दुकानात शिरला की मला कळायचं, याला खुर्ची द्यायची की बाकावर बसवायचं. इथे कॉलरच नाही. माझ्या शेजारी चालत होता तो साहेब होता की हमाल, मला अजून ठाऊक नाही. त्यालाही माझं ठाऊक नाही. चाळीस वर्षांत पहिल्यांदा मी माणसांकडे नुसतं माणूस म्हणून पाहिलं. फार हलकं वाटलं.

तुझ्या कापडाच्या किनारीचे धागे सुटत होते आणि माझा हात शिवशिवत होता. एक लांब धागा बोटाला गुंडाळला आणि तसाच राहू दिला. एवढ्या उन्हात, एवढ्या गर्दीत माझं अंग कुठेही लाल झालं नाही.

मग त्या दोन टेकड्यांच्या मधलं चालणं. हाजरा बीबी तान्ह्या बाळासाठी पाणी शोधत इकडून तिकडे धावल्या, त्याची आठवण म्हणून सगळ्यांनी सात वेळा चालायचं. हे मी शंभरदा ऐकलं होतं. पण तिथे चालताना लक्षात आलं, की ही एका बाईची घरातली धावपळ आहे. बघायला कुणी नव्हतं, शाबास म्हणायला कुणी नव्हतं. आणि अल्लाला ती इतकी आवडली की राजापासून रंकापर्यंत सगळ्यांना तिच्यामागून चालायला लावलं. मला तुझं घर दिसायला लागलं. पलंग ते स्वयंपाकघर, स्वयंपाकघर ते पलंग. मी सात फेऱ्यांत दमलो, आपा.

आणि वाटभर सगळे म्हणत असतात, लब्बैक. मालका, मी हजर आहे. लाखो माणसं एका सुरात म्हणतात. मला त्यात तुझं 'आले हो' ऐकू येत होतं.

मैदानात दुपारपासून सूर्य बुडेपर्यंत अल्लापुढे उभं राहायचं. हज म्हणतात ती खरी हीच. दुवांची यादी तंबूतच राहिली, खिसा नाही ना. आठवले तेवढ्यांसाठी मागितलं. मग तुझं नाव घेतलं आणि सांगितलं, ती निघाली आहे. सांगून झालं आणि माझ्याच मनाने मला विचारलं, निघाली आहे, मग अडलंय कुठे? आणि तू इथे नुसतं सांगून मोकळा होणार?

म्हणून हे लिहितो. आता नियम बदललाय. सोबत पुरुष नसला तरी बायकांच्या गटाबरोबर जाता येतं. मी आल्यावर तुझा अर्ज भरतो. तू तिकडे असशील ते चाळीस-बेचाळीस दिवस भावोजींजवळ मी राहीन. दुकान मुलगा बघेल. खाणं, पिणं, धुणं, पुसणं, सगळं करीन. नाही म्हणू नकोस. तुझे कपडे सोडले तर आजवर मी कुणाला काही वेळेवर दिलेलं नाही. हे देतो.

छोट्या


२२ जून

हाजीसाहेब,

सुखरूप पोहोचलास, अल्लाचे उपकार.

आठ दिवस विचार केला. पहिले चार दिवस तुझ्यावर ओरडत होते, मनातल्या मनात. म्हटलं, याला साधं दूध तापवता येत नाही, हा माझा नवरा सांभाळणार. पुढचे तीन दिवस नुसतीच बसून होते. आठव्या दिवशी यांनाच विचारलं. यांनी चमचा उचलला आणि पेला वाजवत सुटले. पाणी नको होतं, औषध नको होतं, काही नको होतं. थांबेचनात.

तर तू दर रविवारी बस पकडून इथे यायचं. दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, नाहीतर पाठ सोलवटते. घास डाव्या गालात द्यायचा आणि गिळेपर्यंत दुसरा द्यायचा नाही. दाढी करताना बोलायचं नाही, तू बोललास की हे हसतात. बोलणं समजायला वेळ लागेल, कान लावून बस. वर्षभर शिकवीन, मग परीक्षा घेईन. पास झालास तरच मी जाणार.

बॅग तीच आहे, अजून चांगली आहे. चेन तेवढी बिघडली आहे ती बदलून दे. मंगळवारपर्यंत.

आपा


१९ मे

छोट्या,

मी पोहोचले. अंगाने तर दोन आठवड्यांपूर्वीच पोहोचले होते, पण आता खरी पोहोचले. आमच्या गटातली एक बाई आधीच्या विमानाने परतते आहे, तिच्या हाती हे देते.

दोन टेकड्यांमधल्या तीन फेऱ्या गुडघ्यांनी दिल्या, उरलेल्या चाकाच्या खुर्चीत झाल्या. जन्मभर मी लोकांना खुर्चीत बसवून ढकललं. परवा पहिल्यांदा कुणीतरी मला ढकललं आणि मी हातावर हात ठेवून बसून राहिले. फार रडले मी त्या खुर्चीत, आणि ते रडणं सुखाचं होतं. मैदानात उभी राहिले तेव्हा पाठ केलेलं सगळं विसरले. तोंडातून एवढंच निघालं, आले हो.

मग म्हटलं, ज्यांनी ज्यांनी आपल्याला दुखावलं त्यांना इथे मनापासून माफ करून टाकू. आठवायला लागले तर एकच नाव, आणि ते तर गेल्याच वर्षी मिटलेलं. बसून राहिले. हळूहळू लक्षात आलं, की आता माझी पाळी आहे.

तुझं खोटं मला पहिल्या मिनिटाला कळलं होतं, फोनवरच. मी तेव्हा नुसतं म्हणायला हवं होतं, छोट्या, रविवारी एकशे वीस ऐंशी होतं, मुकाट्याने बॅग भर. तू आला असतास. माझ्यापुढे तुझं कधी चाललंय? तीन आठवडे हातात होते. दोघंही गेलो असतो. मी नाही म्हटलं. आधी राग आला म्हणून गप्प राहिले. मग मला ते गोड लागायला लागलं. आपा बिचारी, आपाचं सगळं राहिलं. बारा वर्षं तू माझ्यासमोर मान खाली घालून यायचास, कपडे ठरल्या दिवशी आणून द्यायचास, आणि मी मनात म्हणायचे, भोग. भाभी एकदा एकटीच माझ्याकडे आली होती, तिला काहीतरी सांगायचं होतं. मी तिला विषयच काढू दिला नाही. विषय निघाला असता तर संपला असता ना.

माझी वाट तू एकट्याने अडवली नाहीस. एक फळी तू लावलीस आणि दुसरी मी. मलाही इतक्यात चांगलं व्हायचं नव्हतं. निघताना तुझ्यासमोर बोलायला जीभ रेटली नाही, म्हणून लिहिते. कशाबद्दल, असं विचारायचा हक्क तुझा होता. ते हे. मला माफ कर.

आपा


२५ मे

आपा,

हे पत्र पोस्टात टाकत नाही, तू यायच्या आत काही पोहोचायचं नाही. तुझ्या उशीखाली ठेवतो. आल्यावर आधी अंघोळ कर, मग चहा घे, मग वाच.

तुझं पत्र मी भावोजींना मोठ्याने वाचून दाखवलं. ते छताकडे बघत काहीतरी म्हणाले. आता मला त्यांचं बोलणं कळतं. म्हणाले, गाय. आम्ही दोघं इतके हसलो की खालच्या मजल्यावरची बाई वर बघायला आली.

मला वाटलं, आता राग येईल. वाट बघितली, आला नाही. उलट बरं वाटलं. बारा वर्षं वाटायचं की मी एकटाच खाली आणि तू कुठेतरी वर बसली आहेस. आता तू माझ्याशेजारी येऊन बसलीस. माफ केलं, आपा. सगळं. या जगात आणि त्या जगात माझं तुझ्याकडे काही मागणं नाही. फक्त यापुढे तुझे कपडे इतर गिऱ्हाइकांच्या रांगेत. म्हणजे तेही आता वेळेवरच मिळतात म्हणा. मी सांगतो, मंगळवारी नाही, शुक्रवारी होईल, आणि शुक्रवारी देतो. लोकांचा अजून विश्वास बसत नाही, मंगळवारीच येऊन बसतात.

पाठ साफ आहे, एक डाग नाही, तपासून घे. दाढी करताना एकदा कापलं, चूक माझी, मी बोलत होतो. भावोजींसाठी एक सदरा शिवलाय, डाव्या हाताने त्यांचा त्यांना घालता येईल असा, एका बाजूने पूर्ण उघडा आणि वर एका हाताने अडकवता येतील असे दोन बंद. काल घातला, स्वतः, पाव तास लागला, मी हात लावला नाही. त्याला बटण एकही नाही. त्यामुळे राहिलंय असं काही नाही.

अजून बरंच लिहायचं होतं, पण पेला वाजतोय.

आलो, भावोजी.